त्या बाजाराची हातोडी

बाबालाल नालबंदांचं पत्र आलं तेव्हा मी जेवायला बसलो होतो. निळं आंतर्देशीय होतं. ते वाचून मी वत्सलेला म्हणालो, संध्याकाळच्या टपालाने उत्तर टाकून देतो. त्या गोष्टीला यंदा एकवीस वर्षं झाली.

पत्रांना उत्तरं न देण्याची माझी सवय नाही. उलट माझ्या अंगचा तेवढाच एक गुण लोकांनी बिनतक्रार मान्य केला आहे. तीस वर्षं मी कॉलेजात मराठी शिकवलं. माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नसे, आणि त्याबद्दल मागचा बाक माझ्यावर खूश होता. दोन पुस्तकं लिहिली. त्यांच्या प्रती माझ्याच कपाटात उत्तम स्थितीत आहेत. समारंभात चार शब्द बोला म्हटलं की चारांतला एकही आठवत नाही. पत्राला उत्तर मात्र परतीच्या टपालाने जातं. एकदा एका कॅलेंडर छापणाऱ्याने नववर्षाच्या छापील शुभेच्छा पाठवल्या होत्या, त्यालाही मी दीड पान लिहिलं होतं.

बाबालालांना एक ओळ लिहिली नाही. आणि त्यांनी मागितली होती एकच.

ते पत्र अजून माझ्याकडे आहे. त्यात असं आहे:

“बिवलकर सरांना बाबालाल नालबंदचा सलाम. पिच्चर बगितला. कारखान्यावर पडदा लावून दाखवला. बैलाची मान धरलेले हात माझे हाईत ते मी वळकले. बाकी कोनी वळकले न्हाईत. आता कारखाना आवारात नालबंदाला शेड देनार हाय. ती दस्तगीरच्या एकट्याच्या नावाने व्हनार, कारन पिच्चरमदी तो एकटाच हाय. आता हातोडी फिरत न्हाई. मी गडी म्हनून बैल धरतो. तुमी एक ओळ लिहून द्या की बाबालाल बी नालबंद हाय. तुमची सही चालंल असं साहेब म्हनाले. पंधरा तारखेच्या आत पायजे. त्या बाईंचा पत्ता माज्याकडं न्हाई, तुमचा कॉलेजातून घेतला.”

उत्तर लिहायला बसलो तेव्हा हातात लाल पेन होतं. मास्तरकीची खोड. दहा मिनिटांनी वत्सला चहा घेऊन आली, तिने टेबलावर पाहिलं आणि म्हणाली, “अहो, ते तपासायला आलेलं नाही. उत्तर मागायला आलंय.”

पाहतो तो मी त्या पत्रात सतरा चुका लाल केल्या होत्या.

हे सगळं सुरू झालं ते त्याच्या आदल्या वर्षीच्या जानेवारीत. आमच्या विद्यापीठात चित्रपटाचा एक विभाग होता. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला पदविकेसाठी अठरा मिनिटांचा एक माहितीपट करावा लागे. त्या वर्षांत अशी काही लाट होती की प्रत्येक माहितीपटाचं नाव ‘शेवटचा’ किंवा ‘शेवटची’ या शब्दाने सुरू होई. शेवटचा टांगा. शेवटची गोधडी. शेवटचा कल्हईवाला. दर जूनमध्ये त्या विभागातून दहा-बारा धंदे कायमचे बंद पडत. शेवटचा टांगेवाला मला नंतर दोनदा स्टेशनावर भेटला, एकदा तर त्याने मला घरीही सोडलं. पण त्याचा लघुपट पाहून सभागृहात लोक रडले होते, आणि त्यांत मीही होतो.

मी तिथे निवेदन लिहायला जात असे. ही मुलं विचार इंग्रजीत करत आणि त्याचं मराठी विभागप्रमुखांना वाचवत नसे, म्हणून त्यांनी मला बोलावलं. आयुष्यात मला आपणहून कोणी बोलावण्याचा तो पहिला प्रसंग. मी दुसऱ्याच दिवशी गेलो. काम सोपं होतं. चित्रं त्यांची, वाक्यं माझी, आवाज आकाशवाणीवरच्या एका गृहस्थांचा. शेवटी पडद्यावर दीड सेकंद नाव येई: निवेदन, श्री. के. बिवलकर. त्या दीड सेकंदासाठी मी चष्मा पुसून बसत असे.

त्या वर्षी केतकी राजाध्यक्ष नावाची मुलगी होती. हुशार, धडपडी, आणि तिचा आपल्या विषयावर मनापासून विश्वास. तिला कुठून तरी कळलं होतं की नदीकाठच्या एका साखर कारखान्यापाशी बैलांच्या पायांना नाल मारणारा एक म्हातारा आहे आणि तो शेवटचा आहे. मी तोवर कधी चित्रीकरणाला गेलो नव्हतो. ती म्हणाली, सर, तुम्ही चला, गावातल्या लोकांशी बोलायला तुमचा उपयोग होईल. माझा लोकांशी बोलायला उपयोग होईल अशी कल्पना कोणी केल्याचंही ते पहिलंच उदाहरण.

जीपमध्ये आम्ही चौघं. केतकी, कॅमेऱ्यावर पराग, ध्वनिमुद्रणावर लोबो आणि मी. लोबो दिवसभर कानांवर हेडफोन चढवून असे, त्यामुळे त्याला सगळं ऐकू येई आणि तो कोणाशीच बोलत नसे. माझं त्याच्याशी चांगलं जमलं.

हंगाम ऐन भरात होता. शेवटच्या आठ किलोमीटरला आम्हाला दीड तास लागला, कारण रस्ताभर उसाच्या बैलगाड्या. शंभर असतील, दोनशे असतील. डांबरावर नालांचा एकसारखा टकटकाट चालला होता. परागने काच वर केली, कारण आवाजात बोलता येत नव्हतं. तिच्या आड केतकी आम्हाला समजावून सांगत होती की हा आवाज लवकरच इतिहासजमा होणार आहे. ड्रायव्हर म्हणाला, ताई, जरा लवकर झाला तर बरं होईल.

गाडीतळ म्हणजे कारखान्याच्या फाटकाबाहेरचं मोठं मोकळं रान. तिथे एका बाभळीखाली दोन माणसं काम करत होती आणि त्यांच्यापुढे चोवीस बैलांची रांग होती. मी मोजली होती. बैलाला दोराने पाडायचं, चारही पाय एकत्र बांधायचे, एकाने मानेवर गुडघा देऊन शिंगं धरायची आणि दुसऱ्याने खूर तासून नाल ठोकायचे. एकट्या माणसाचं हे काम नव्हे. बैल असा पडलेला असताना त्याने मान उचलली तर ठोकणाऱ्याचं मनगट जायचं. ठोकणारा सगळा भरवसा धरणाऱ्यावर टाकून मान खाली घालतो.

दस्तगीर आणि बाबालाल एकमेकांचे साडू होते. सव्वीस वर्षं बरोबर काम करत होते. त्यांच्यात एक रीत होती. गावचा बाजार बुधवारी भरे. एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत हातोडी एकाकडे, मग बुधवारी सकाळी ती दुसऱ्याकडे जायची. हातोडी एकच. बाबालालच्या सासऱ्याची, म्हणजे दस्तगीरच्याही सासऱ्याची. ज्याच्याकडे हातोडी तो त्या आठवड्याचा नालबंद, दुसरा धरणारा. सव्वीस वर्षांत कोणी एक दिवस जास्त ठेवून घेतली नव्हती. आम्ही गेलो तो शुक्रवार होता, आणि त्या बाजाराची हातोडी बाबालालकडे होती.

बाबालाल पन्नाशीचे, अंगाने भरलेले. लालभडक टेरिलीनचा शर्ट, मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. बैलाशी बोलत, गाडीवानांशी बोलत, मधूनच सिनेमातलं गाणं म्हणत नाल ठोकायचे. केतकीने पहिली मुलाखत त्यांचीच घेतली. तिने विचारलं की हा धंदा संपत चालला आहे, तुम्हाला काय वाटतं.

“कुठं संपतोय?” बाबालाल म्हणाले. “सकाळपास्नं अकरा बैलं झाली. तुमी आल्यापास्नं तेवढा बंद हाय.”

रांगेतले गाडीवान हसले. केतकीने कॅमेरा थांबवला. तिने पुन्हा समजावून विचारलं, ट्रॅक्टर आले, पुढची पिढी या कामात येत नाही, मनात खोलवर काही दुःख होत असेल ना. बाबालालांनी तिला बरं वाटावं म्हणून खरोखर विचार केला. मग म्हणाले, “दुक म्हंजे, मे महिन्यात जरा काम कमी आसतंय. मग आमी सासुरवाडीला जातो.”

दस्तगीर मात्र बाभळीला टेकून बसले होते. पांढरी दाढी, खोल गेलेले डोळे, गालावर हात. काही विचारलं तर नुसती मान हलवत. पराग कॅमेऱ्यातून त्यांच्याकडे पाहत राहिला आणि हलकेच म्हणाला, “केतकी, चेहरा बघ.” केतकीने पाहिला. तिचे डोळे भरून आले. त्या चेहऱ्यावर एक अख्खं जग मावळताना दिसतं, असं ती मला म्हणाली. मी ते वहीत लिहून घेतलं.

दस्तगीरची दाढ दुखत होती. हे मला चहाच्या वेळी कळलं. बाबालाल लवंग शोधत होते, त्यांनीच सांगितलं. तोवर त्यांच्या चार मुलाखती, नुसत्या मान हलवण्याच्या, घेऊन झाल्या होत्या.

मग आवराआवर सुरू झाली. आधी ती रांग. शेवटच्या नालबंदापुढे चोवीस बैल उभे असलेले चालणार नव्हते. माझा उपयोग इथे होता. मी गाडीवानांकडे गेलो आणि मला काय म्हणायचं आहे ते तिसऱ्या प्रयत्नात म्हणालो. त्यांचे वजनकाट्यावरचे नंबर जवळ आले होते. एकाने विचारलं, “मास्तर, बैलं न्हाईत असं दाखवायचं हाय, तर मग नाल कुनाला मारायचे?” मी कुंपणाकडे बोट दाखवलं. सगळे बैल कुंपणाआड नेण्यात आले. आवाज मात्र कुंपण ओलांडून येत राहिला. लोबोला एक मिनिटभर नुसती शांतता मुद्रित करायची होती, ती मिळेना. शेवटी त्याने ती दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या टेकडीवर जाऊन आणली.

एकच पांढरा बैल ठेवला. केतकी म्हणाली, नाल ठोकतील ते दस्तगीरचाचा.

दस्तगीर पहिल्यांदा तोंड उघडून बोलले ते तेव्हा. “ह्या बाजाराची हातोडी त्याची हाय.”

मी केतकीला रीत समजावून सांगितली. तिला ती फार आवडली. किती सुंदर आहे हे, असं ती दोनदा म्हणाली. मग म्हणाली की फक्त आजच्यापुरतं, कॅमेऱ्यासाठी. दस्तगीर हलेनात. तेव्हा बाबालालांनी स्वतः उठून हातोडी त्यांच्या मांडीवर ठेवली. “घे गा. सांजंपत्तोर परत दे. पावन्यांचं काम खोळंबलंय.”

आणि मग ते माझ्याकडे वळले. मुलं आपसात इंग्रजीत बोलत होती, मीच एक त्यांना आपल्यातला वाटलो असेन.

“सर, पर पिच्चरमदी आमी दोगं बी येनार न्हवं?”

“येणार की,” मी म्हणालो. “दोघंही येणार.”

मला कोणाला नाही म्हणता येत नाही. लोक याला चांगुलपणा समजतात.

पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. परागला बाबालालचा लाल शर्ट चौकटीत खटकायला लागला. त्यांना शर्ट काढायला सांगितला. बनियन नवा कोरा निघाला, तो तर आणखी खटकला. घड्याळ उतरवलं. तरीही ते हसत होते, आणि धरणारा हसतो आहे हे दुःखात बसेना. शेवटी परागने चौकट इतकी आवळली की बाबालालचे कोपरापुढचे हातच राहिले. पहिल्या वेळी कॅमेरा हलला. केतकी म्हणाली, पुन्हा एकदा करू या. तोवर नाल ठोकून झाला होता, आणि ठोकलेला नाल उपटून त्याच खुरात पुन्हा ठोकता येत नाही, हे पदविकेच्या अभ्यासक्रमात नव्हतं. आता दुसरा पांढरा बैल हवा होता. कुंपणाआड एक मिळाला, पण त्याचा मालक म्हणाला की माझ्या बैलाला चारच दिवसांमागं नाल मारलेत, आता परत कशाला. अखेर एका तांबड्या बैलाचे नुसते पाय घेण्यात आले. लघुपटात पाहिलंत तर तो बैल खाली पडताना पांढरा असतो आणि उठताना तांबडा. परदेशी परीक्षकांनी त्याला काळाच्या प्रवाहाचं प्रतीक म्हटलं.

हो, बक्षीस मिळालं. ‘शेवटचा नालबंद’ तीन देशांत दाखवला गेला. केतकी आली, पेढे दिले, मला वाकून नमस्कार केला. कारखान्याने संचालकांच्या सभेत पडदा लावला, दस्तगीरना शाल-श्रीफळ दिलं, बाभळीला पाटी लावली. दाढ बहुधा तोवर काढून झाली असावी, पण ते लोकांपुढे गालावर हात ठेवूनच बसत, असं कोणीतरी मला सांगितलं. आणि मग ते निळं पत्र आलं.

मी उत्तर लिहिलं नाही असं नाही. लिहिलं. पहिलं चार पानी झालं, त्यात वास्तव आणि कला यांच्या संबंधांविषयी पुष्कळ होतं. ते फाडलं. दुसरं दोन ओळींचं झालं, ते उद्धट वाटलं. तिसऱ्यात मी विद्यापीठाच्या वतीने बोलतो की स्वतःच्या, हे ठरेना. पंधरा तारीख गेली. तिच्यानंतर उत्तराची सुरुवात ‘उशिराबद्दल क्षमस्व’ अशी करणं भाग होतं, आणि उशीर नेमका किती झाला तो आकडा दर वेळी बदलावा लागे. आधी दोन महिने, मग वर्ष, मग मी ते पत्र शब्दकोशात ठेवलं. वत्सला पहिली दोन वर्षं विचारत होती. मी तिला सांगायचो की चूक त्या मुलांची, शहरी पोरं, ती जाऊन त्या बिचाऱ्याचा चेहरा कापून आली, आता मी काय लिहू. तिला ते पटलेलं दिसे. नंतर तिने विचारणं सोडलं.

नऊ वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दस्तगीर गेल्याची बातमी वाचली. शेवटचं वाक्य असं होतं: ‘त्यांचा हात थांबला आणि या मुलखातल्या बैलांची पावलं कायमची मुकी झाली.’ हे वाक्य माझं. लघुपटात ते भविष्यकाळात होतं, वार्ताहराने भूतकाळात केलं. त्याच पानावर खाली दुसरी बातमी होती की उसाच्या बैलगाड्यांमुळे रस्त्यावर तीन तास वाहतूक खोळंबली.

यंदा फेब्रुवारीत विभागातून फोन आला. बोलणारी तनिष्का नावाची विद्यार्थिनी. हाताने पत्रं लिहिणाऱ्या माणसावर तिला माहितीपट करायचा होता. केतकी राजाध्यक्ष आता तिथे शिकवतात, त्यांनी तुमचं नाव सुचवलं, म्हणाली, तुमची सगळी पत्रं मॅडमनी जपून ठेवलीत.

“तुम्ही शेवटचेच असाल ना, सर?” तिने विचारलं.

मी सांगितलं की आमच्याच इमारतीत तळमजल्यावर फाटक राहतात, ते रोज संपादकांना एक पत्र लिहितात, अक्षर माझ्यापेक्षा वळणदार. तनिष्का आणि तिचा कॅमेरावाला वेदांग फाटकांकडे जाऊन आले. परत आल्यावर ती दोघं म्हणाली, फाटकांच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे आणि ते फार बोलतात. संध्याकाळी फाटक मला जिन्यात भेटले. “बिवलकर, मलाही घेणार आहेत ना तुमच्यात?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “घेतील की.”

चित्रीकरण सकाळी दहाला सुरू झालं, कारण माझ्या टेबलावर तेव्हा ऊन येतं. माझा स्वेटर बदलून मला एक जुना कोट घालायला दिला. तो माझा नव्हता. शाईची दौत आणि टाक आणले होते, मी ते पंचवीस वर्षं वापरलेले नाहीत. तनिष्का म्हणाली की तुम्ही पत्र लिहिताना आम्ही निबाचं टोक घेणार आहोत, काहीही लिहा, वाचता येणार नाही, फक्त टेक्स्चर दिसेल. मग पेटीत टाकण्याचा प्रसंग खाली कोपऱ्यावर घेऊ. पाच-सहा वेळा घ्यावा लागेल, म्हणून तिने तेवढी कोरी पाकिटं आणली होती.

“कोणाला लिहिताय असं मनात धरा, सर,” ती म्हणाली. “म्हणजे चेहऱ्यावर येईल. एखादं राहून गेलेलं उत्तर वगैरे.”

मुलगी काही जाणून बोलली नाही. ती ते बोलायचं म्हणून बोलली होती. मी उठलो, शब्दकोश काढला. आंतर्देशीय घड्यांवर फाटत आलं होतं, लाल शाई मात्र ताजी. वत्सला दाराशी उभी होती. तिने ते ओळखलं.

“असतील का ते आता?” मी तिला विचारलं.

“नसले तर परत येईल,” ती म्हणाली. “तेव्हा तरी कळेल.”

मग मी तिला ते सांगितलं, जे एकवीस वर्षं सांगितलं नव्हतं. मुलं दिवा लावत होती, त्यांचं लक्ष नव्हतं. लघुपटाची जुळवणी चालली होती तेव्हा केतकीने मला बोलावून घेतलं होतं. पडद्यावर बाबालालचे ते हात थांबवलेले होते. ती म्हणाली, “सर, ‘शेवटचा’ काढू या का? ते दोघं आहेत. आणि ती रांग होती. मला बरं वाटत नाहीये. हवं तर बाबालालचाचांची मुलाखत सुरुवातीला घालते, ते हसतात ती.” ती तेवीस वर्षांची होती. तिला ते कळलं होतं.

माझ्या हातात निवेदनाचे कागद होते. त्यातलं ते हात थांबण्याचं वाक्य मी तीन दिवस घासून आणलं होतं. हात एकवचनी होता, थांबणं एकदाच होतं, आणि एवढं तोलदार वाक्य मला आयुष्यात दुसरं जमलेलं नाही. मी तिला म्हणालो, “दोन माणसं शेवटची असू शकत नाहीत, केतकी. वाक्य मोडतं.”

तिने ते थांबवलेलं चित्र पुढे सोडलं. मग म्हणाली, “तुम्ही म्हणता तर ठीक आहे, सर.”

वत्सलेने ऐकून घेतलं. आत जाऊन माझं नेहमीचं बॉलपेन आणलं आणि दौतीशेजारी ठेवलं. पण ते चौकटीत चालणार नव्हतं, म्हणून मी निबानेच लिहिलं. निब खरखरत होतं. लिहिलं ते एवढंच:

‘बाबालाल नालबंद यांस नमस्कार. आम्ही चित्रीकरणाला आलो त्या बाजाराची हातोडी तुमची होती. बैलाची मान धरलेले हात तुमचे आहेत. तुम्ही दोघेही नालबंद, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ‘शेवटचा’ हा शब्द बाईंचा नव्हे, माझा. त्यांना तो काढायचा होता, मी काढू दिला नाही. दोघंही येणार असं मी तुम्हाला म्हणालो होतो. हे पत्र कोणालाही दाखवा. श्री. के. बिवलकर.’

“सुंदर, सर,” तनिष्का म्हणाली. “निब खरखरलं ते फार छान आलं.”

मी पत्ता घातला. खाली लिहिलं: ते नसल्यास घरातल्यांनी फोडावं. वत्सलेने तिच्या पर्समधून तिकिटं काढून चिकटवली, लागतात त्यापेक्षा दोन जास्त.

खाली कोपऱ्यावर लाल पेटी आहे. गंजलेली आहे, पण टपालवाला रोज बाराला येतो. वेदांगने रस्त्यापलीकडे कॅमेरा मांडला. फाटक त्यांच्या खिडकीत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. तनिष्काने हात वर केला, काहीतरी म्हणाली, रिक्षाच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. मी गेलो, पेटीच्या तोंडात पाकीट धरलं. तिथे मी जरा थांबलो असेन. मग सोडलं. आत पडल्याचा आवाज आला.

तनिष्का धावत आली. “सॉरी सर, वेदांगचं रेकॉर्डिंग सुरूच झालं नव्हतं. मी थांबा म्हणत होते. परत घेऊ या? हे घ्या दुसरं पाकीट.”

मी ते घेतलं आणि पुन्हा चालत गेलो. मग आणखी एकदा. एकदा मध्ये स्कूटर आली, एकदा ऊन गेलं. मी पाच कोरी पाकिटं त्या पेटीत टाकली, आणि लघुपटात त्यांतलंच कुठलं तरी दिसेल. बाबालालांचं तोवर तळाशी होतं. बाराला टपालवाला आला, त्याने पेटी उघडली आणि कोरी पाकिटं पाहून आमच्याकडे वळून पाहिलं. मग सगळं पिशवीत भरून तो सायकलवर बसला.